फ्रीजमध्ये ठेवूनही दूध नासतंय? आधी सांगा, आंबट झालं की कडू

दूध फ्रीजमध्येच होतं, बाहेर काढलं तेव्हा दिसायला एकदम चांगलं, गॅसवर ठेवलं आणि फाटलं. किंवा फाटलं नाही पण चहा कडवट लागला. किंवा पातेल्याच्या तळाशी दह्यासारखा थर बसलाय पण चव मात्र गोड. मार्च संपला की आमच्या नाशकात सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत घरोघरी हे चालू होतं आणि निदान सगळीकडे ठरलेलं, एकतर "दूधवाला पाणी घालतो" नाहीतर "फ्रीजचा गॅस गेलाय". कधीकधी खरंही असतं म्हणा. पण बऱ्याचदा नसतं, मग लोक दूधवाला बदलतात, पिशवीचा ब्रँड बदलतात, मेकॅनिकला पैसे देतात, आणि थोड्या दिवसांनी परत तेच.

मी काही वर्षं सिन्नरच्या बाजूला एका चिलिंग सेंटरच्या, म्हणजे गावोगावचं दूध गोळा करून गार करतात त्या केंद्राच्या, लॅबमध्ये होतो, त्यामुळे नात्यात कुणाचंही दूध नासलं की फोन मला येतो आणि मी पहिला प्रश्न एकच विचारतो, आंबट झालं की कडू? लोक वैतागतात, "अरे नासलं ते नासलं, आता चव काय बघायची". पण सगळं तिथेच आहे. कुठल्या जातीच्या जिवाणूने दूध बिघडवलं ते चवीवरून आणि वासावरून बऱ्यापैकी कळतं, आणि जात कळली की तो कुठून आला आणि कधी वाढला तेही कळतं. चव बघायची म्हणजे घोटभर प्यायचं नाही हां, उकळलेल्या दुधाचा थेंब जिभेवर टेकवायचा आणि थुंकून टाकायचा, कच्चं सुट्टं दूध तर चाखायचंच नाही, आणि वासच घाण असेल तर चाखायच्या भानगडीत पडू नका, उत्तर मिळालेलं आहे.

आता मुळातली गोष्ट. फ्रीज जिवाणू मारत नाही, त्यांना मंद करतो. आणि सगळ्यांना सारखं मंद करत नाही, इथेच गंमत आहे. दूध आंबवणारे जे लॅक्टिक जिवाणू, म्हणजे दह्यातले आणि त्यांचे भाऊबंद, त्यांना ऊब लागते, २५-३० अंशाच्या पुढे ते जोरात असतात आणि ४-५ अंशाला जवळजवळ गप्प बसतात. पण दुसरी एक टोळी आहे जी ७ अंशाच्या खालीसुद्धा वाढते, तिच्यातला मुख्य गडी स्युडोमोनास. त्यालाही ऊबच जास्त आवडते पण थंडीतही त्याचं काम बंद पडत नाही, आणि शेजारी स्पर्धेला कोणी उरलेलं नसतं, मग काय, रान मोकळं. म्हणून आजीच्या काळी दूध बिघडायचं म्हणजे आंबायचं, आणि आपल्याकडे फ्रीज आल्यापासून ते कडू व्हायला लागलं. फ्रीजने नासणं थांबवलं नाही, नासणारे बदलले.

आंबट झालं असेल तर गोष्ट सोपी आहे. दूध कुठेतरी ऊबेत राहिलंय. दूधवाल्याच्या कॅनमध्ये, दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या क्रेटमध्ये, तुमच्या ओट्यावर, किंवा दुपारी तीन-चार तास लाईट नव्हती तेव्हा बंद फ्रीजमध्ये. लॅक्टिक जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६.६ ते ६.७ असतो आणि साध्या तापमानाला दूध फाटायला तो ४.६ च्या आसपास यावा लागतो, पण तापवताना इतकं थांबायची गरज नसते, पीएच ६ च्या जवळपास उतरला असला तरी उकळी यायच्या आत फाटतं. "फ्रीजमधून काढलं तेव्हा चांगलं होतं हो" याचं कोडं हेच आहे. ते चांगलं नव्हतंच, अर्ध्या वाटेवर होतं, थंडीत दिसत नव्हतं, गॅसने दाखवून दिलं. संकलन केंद्रावरही हेच बघतात, परीक्षानळीत थोडं दूध उकळायचं, नाहीतर दुधाइतकंच ६८ टक्क्यांचं अल्कोहोल त्यात मिसळायचं आणि कण पडतात का बघायचं. घरी अल्कोहोलची काही गरज नाही, शंका आली की पळीभर दूध छोट्या कढल्यात उकळून बघा, सगळं पातेलं चढवायच्या आधी. आणि कालचं उरलेलं दूध आजच्या नव्या दुधात ओतू नका, कृपा करून. ही सवय घराघरात आहे आणि एवढ्याशा जुन्या दुधापायी अख्खं लिटर जातं.

कडू झालं असेल तर मात्र डोकं लावावं लागतं.

कडू पण आंबट नाही, म्हणजे ऊबेचा प्रश्न नसून थंडीतल्या टोळीचा आहे. स्युडोमोनास दुधातल्या साखरेच्या फारसा मागे लागत नाही, तो प्रथिनं तोडणारं आणि स्निग्धांश तोडणारं अशी एन्झाइम सोडतो. प्रथिनांचे तुकडे झाले की कडू चव, स्निग्धांश तुटला की खवट, थोडासा साबणासारखा वास. त्यातली एक जात, स्युडोमोनास फ्रॅजी, दुधाला चक्क पिकल्या फळासारखा वास आणते, लोकांना वाटतं फ्रीजमधल्या आंब्याचा वास लागला. कधी दूध ओतताना तार सुटते, चिकट, तीही बहुतेक पाण्यातूनच आलेल्या अशाच थंडीवाल्या मंडळींची करामत, तसं दूध सरळ ओतून द्यायचं. आणि २०१० साली इटलीत मोझरेला चीजची पाकिटं उघडल्यावर चीज निळं पडायला लागलं होतं, मोठा गोंधळ झाला होता, तोही स्युडोमोनास फ्लोरेसन्सच.

हा पठ्ठ्या तसा फार नाजूक आहे, पिशवीच्या दुधाला ७२ अंशाला १५ सेकंद पाश्चराइज करतात तेवढ्यात मरतो, घरच्या उकळीत तर मरतोच. मग पिशवीचं, उकळलेलं दूध कडू कसं होतं? दोनच रस्ते आहेत. एक, तो मेल्यावरसुद्धा त्याची एन्झाइम मागे राहतात. ती भलतीच चिवट असतात, १४० अंशाला काही सेकंद तापवलेल्या टेट्रापॅकमध्येही थोडी शिल्लक राहतात, म्हणून न उघडलेला टेट्रापॅकसुद्धा काही महिन्यांनी कधी कडसर तर कधी घट्ट झालेला निघतो. म्हणजे तापवायच्या आधीच कच्चं दूध दिवस दिवस थंड साठवलं असेल तर नुकसान तेव्हाच होऊन गेलेलं असतं. दुसरा रस्ता, आणि घरच्या केसमध्ये बहुतेक वेळा हाच निघतो, तो तापवल्यानंतर परत आत शिरतो. कुठून? पाण्यातून. स्युडोमोनास हा पाण्याचा आणि मातीचा रहिवासी आहे, ओल जिथे तिथे तो. धुऊन पालथं न घालता तसंच ठेवलेलं पातेलं, तळाशी चार थेंब पाणी, गाळणीची जाळी, ओगराळ्याच्या दांड्याचा जोड, स्टीलच्या डब्याच्या झाकणातली रबरी रिंग, चरे पडलेली प्लास्टिकची बरणी. अशा जागी तो चिकट थर करून बसतो आणि नुसत्या साबणाने हलत नाही.

गाळणीबद्दल जरा जास्त बोलतो कारण पाच पैकी तीन वेळा माझा संशय तिच्यावरच असतो. साय नको म्हणून आपण उकळून गार झालेलं दूध गाळून भांड्यात ओततो, म्हणजे सगळे जिवाणू मारून झाल्यावर दूध एका अशा जाळीतून जातं जिच्यात कालच्या सायीचे कण अडकलेले असतात आणि जी रात्रभर सिंकजवळ ओली लटकत होती. यापेक्षा चांगलं विरजण स्युडोमोनासला कुणी देणार नाही. गाळणी रोज उकळत्या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवा, झटका, वाळवा. जाळी काळी पडली असेल तर नवी आणा, दूध महाग आहे का गाळणी?

आता थोडं गणित, कारण "एवढ्याशा थेंबाने काय होतं" हे मला दर वेळी ऐकावं लागतं. दुधाची चव बिघडलेली आपल्याला कळायला लागते तेव्हा एका मिलीलिटरमध्ये साधारण १० लाख ते १ कोटी जिवाणू झालेले असतात. समजा सुरुवातीला मिलीला फक्त १० होते आणि नीट गार फ्रीजमध्ये त्यांची संख्या दुप्पट व्हायला ८ तास लागतात. १० चे १ कोटी व्हायला २० वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे १६० तास, साडेसहा दिवसांच्या वर. आता गाळणीच्या कृपेने सुरुवातच १००० ने झाली तर १३-१४ वेळात काम भागतं, साडेचार दिवस. आणि फ्रीज ४ ऐवजी ८-९ अंशावर चालत असेल आणि दुप्पट व्हायचा वेळ निम्म्यावर आला धरला, तर सव्वादोन दिवस. आकडे समजण्यापुरते धरलेत, जातीप्रमाणे आणि दुधाप्रमाणे कमीजास्त होतात, पण तुमचं दूध तिसऱ्या दिवशीच का बिघडतं आणि शेजारणीचं पाचव्या दिवसापर्यंत का टिकतं याचं उत्तर यात आहे. दोघींचं दूध एकच असू शकतं.

म्हणून फ्रीजचं तापमान. डायलवर १ ते ५ आकडे असतात ते अंश नव्हेत हे आधी लक्षात घ्या, ५ म्हणजे ५ अंश असं समजून चालणारे बरेच भेटलेत. साधा थर्मामीटर आणा, पेला भरून पाण्यात बुडवून जिथे दूध ठेवता तिथेच रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. हवेचं तापमान बघून उपयोग नाही, दार उघडलं की ते उड्या मारतं. ४ च्या आसपास पाहिजे. दुधाची पिशवी आणि बाटली दाराच्या कप्प्यात ठेवायची पद्धत ज्याने काढली त्याला काय म्हणावं, फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा ती, दर वेळी दार उघडलं की तिथे ओट्यावरची हवा लागते, आणि नाशकात एप्रिल-मेमध्ये ती हवा चांगलीच तापलेली असते. दूध आत, मागच्या बाजूला, खालच्या नाहीतर मधल्या फळीवर. दाराचं रबर सैल आहे का बघायचं तर कागद दारात अडकवून ओढून बघा, सहज निघाला तर तिथून गळती आहे. आणि फ्रीज कोंबून भरू नका, आंब्याच्या सीझनला आत हवा फिरायला जागाच नसते, मग थर्मामीटर काहीही सांगो, मधलं दूध कोमटच.

एवढं करूनही गुन्हेगार सापडत नसेल तर दोन बरण्यांची टेस्ट करा, माझी आवडती आहे आणि खर्च काही नाही. काचेच्या दोन छोट्या बरण्या झाकणासकट पाण्यात दहा मिनिटं उकळा, वाळू द्या. दूध नेहमीसारखं उकळा. उकळी आल्या आल्या एका बरणीत थेट पातेल्यातून गरम गरम दूध ओता, ना पळी, ना गाळणी, झाकण लावा. (बरणी गरम असतानाच ओता, गार काचेवर उकळतं दूध पडलं तर तडकेल.) दुसऱ्या बरणीत तुमच्या रोजच्या पद्धतीने, म्हणजे गार झालं, गाळलं, ओगराळ्याने काढलं, तसं भरा. पहिली कोमटसर झाली की दोन्ही फ्रीजमध्ये एकाच फळीवर शेजारी शेजारी. मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी दोन्हींचा वास घ्या, थोडं काढून उकळा. दुसरी बिघडली आणि पहिली टिकली तर दूधवाला निर्दोष, फ्रीज निर्दोष, तुमच्या भांड्यांत घोळ आहे. दोन्ही एकदमच बिघडल्या आणि आंबट आहेत तर फ्रीज बघा. दोन्ही कडू झाल्या तर दूधच येताना एन्झाइम घेऊन आलंय. काठे गल्लीतल्या आमच्या एका काकूंनी हे केलं, दूधवाल्याशी भांडायच्या तयारीत होत्या, त्यांची पहिली बरणी पाचव्या दिवशीही ठणठणीत होती. मग एकेक करत गेलो, आधी गाळणी बदलली, फरक नाही, मग पळी उकळली, फरक नाही, शेवटी निघालं काय तर दुधाच्या डब्याच्या झाकणातली रबरी रिंग, काढून बघितली तर खाली पिवळट थर. "अगं बाई, ही निघते होय?" असं म्हणाल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची एवढं मात्र पाळा, नाहीतर सगळं एकदम बदललं की दूध टिकतं पण कशामुळे ते कळत नाही आणि महिन्याने परत फोन येतो.

तिसरा प्रकार राहिला, चव गोडच पण तळाशी दह्यासारखा थर, किंवा चहात सायीचे बारीक तुकडे तरंगतात आणि कितीही ढवळा, विरघळत नाहीत. हे बॅसिलस सीरियस आणि त्याच्या भावकीचं काम. हे वेगळं प्रकरण आहे, कारण हे उकळूनही मरत नाहीत. म्हणजे जिवाणू मरतो पण त्याचे बीजाणू राहतात, अगदी बियांसारखे, कोरडे, टणक, उकळी आली तरी ढिम्म, आणि परत ऊब मिळाली की रुजतात. मातीत, चाऱ्यात, शेणात असतात, कासेला लागलेल्या चिखलातून दुधात येतात, म्हणून इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात गोठा ओला असेल तर यांचं प्रमाण वाढायची भीती जास्त. यांचं एन्झाइम चीज करायला वापरतात त्या रेनेटसारखं वागतं, केसिनच्या, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या, कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारं वरचं आवरण कापतं, म्हणून आम्ल न होताच दूध जमतं. यातल्या काही जाती तर फ्रीजमध्येही वाढतात, १९९८ मध्ये तसल्या एका थंडीवाल्या जातीला वेगळं नावच दिलं, बॅसिलस वाइहेनस्टेफानेन्सिस, जर्मनीत म्युनिकजवळच्या वाइहेनस्टेफान या ठिकाणावरून.

इथे दोष बहुतेक वेळा गार करण्यात असतो. पाच लिटरचं पातेलं उकळून झाकण ठेवून ओट्यावर सोडलं तर उन्हाळ्यात ते कित्येक तास कोमट राहतं, आणि कोमट म्हणजे बीजाणूंना हवं तेच. स्पर्धक सगळे उकळीत मेलेले. रात्री अकराला आठवण येते, मग फ्रीजमध्ये जातं, आणि सकाळी आपण फ्रीजला शिव्या देतो. उपाय म्हणजे दूध उतरवलं की परातीत गार पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा, अधूनमधून उकळलेल्या पळीने हलवा, पाणी एकदोनदा बदला, नाहीतर दोन छोट्या भांड्यांत वाटून घ्या, छोटं भांडं लवकर गार होतं. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला पाहिजे आणि मे महिन्यात तर एका तासात. "गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवू नये" हे बरोबर आहे, पण त्याचा अर्थ संध्याकाळभर बाहेर ठेवा असा नाही, कोमटसर झालं की ठेवून द्या.

कोजागिरीला हा घोळ मोठ्या प्रमाणावर होतो. सोसायटीच्या गच्चीवर भलंमोठं पातेलं, मसाला दूध आटवून नऊला तयार, चंद्र डोक्यावर यायची वाट बघत बारापर्यंत तसंच कोमट, मग उरलेलं कुणाच्या तरी फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "परत उकळलं की झालं". नाही झालं. बॅसिलस सीरियसच्या काही जाती जे उलटी करवणारं विष तयार करतात ते उकळून जात नाही, आणि त्यात दूध आटवलेलं, साखर-केशर-वेलची घातलेली, बिघाड चवीला कळतही नाही. प्यायचं तेवढं बाहेर ठेवा, बाकीचं आधीच गार करून फ्रीजमध्ये. तांदळाच्या खिरीलाही हेच लागू, तांदळावर हे बीजाणू हमखास असतात.

जुन्या लोकांची सकाळ-संध्याकाळ दूध उकळायची पद्धत मात्र मला फार हुशारीची वाटते. १८७७ च्या सुमाराला जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की एकदाच खूप उकळण्यापेक्षा थांबून थांबून, मधे वेळ देऊन उकळलं तर बीजाणू रुजतात आणि पुढच्या उकळीत मरतात. आपल्या घरांत फ्रीज नसताना हे आपोआप चालायचं. आता फ्रीज आहे म्हणून आपण एकदाच उकळतो आणि चार दिवस भरवसा ठेवतो. लाईट जास्त वेळ गेली तर फ्रीजच्या भरवशावर न राहता संध्याकाळी एक उकळी द्या, फाटायचं असेल तर तेव्हाच कळेल. फ्रीजशिवायच्या थंडीचं सांगायचं तर निफाडला ज्या रात्री पारा ५-६ च्या खाली जातो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या रात्री पडवीतलं दूध तुमच्या दाराच्या कप्प्यातल्या दुधापेक्षा गार असतं!

सुट्टं दूध घेणाऱ्यांसाठी. आणल्या आणल्या पहिल्याच उकळीला फाटत असेल तर तुमच्या फ्रीजचा आणि भांड्यांचा संबंध नाही, ते वाटेतच गेलेलं होतं, किंवा नुकत्याच व्यायलेल्या जनावराचं चिकाचं किंवा कासेला आजार असलेल्या जनावराचं दूध मिसळलं गेलं. धार काढली तेव्हा दूध ३७-३८ अंशाला असतं, तिथून ४ पर्यंत किती लवकर आणलं यावर पुढचं सगळं ठरतं. दिंडोरी-सिन्नरकडून मोटरसायकलवर कॅन लावून येणाऱ्या दुधाला सकाळी सहाला काही होत नाही, नऊनंतर ऊन लागतं. दूधवाल्याला वेळ विचारा, दोष देऊ नका. पाणी घालण्याचा खरा तोटाही पातळपणापुरता नाही, न उकळलेलं पाणी किंवा बर्फ घातला की स्युडोमोनास थेट दुधात. आणि कुणी आंबटपणा लपवायला खायचा सोडा टाकला तर दूध फाटत नाही पण चव साबणासारखी लागते, लॅबमध्ये रोझोलिक आम्ल टाकलं की गुलाबी-लाल रंग येतो. सोडा घालायला कायद्याने बंदी आहे.

पूर्वी केंद्रावर दूध चांगलं की वाईट ते मिथिलीन ब्लूने बघायचे, निळा रंग किती तासांनी जातो त्यावरून. जितका उशिरा जाईल तितकं चांगलं. पण ती टेस्ट ३७ अंशाला करतात, आणि थंडीवाल्या टोळीला तिथे नीट जमत नाही, म्हणून दूध टेस्टमध्ये पास होतं आणि तुमच्याकडे येऊन कडू होतं. केंद्रवाले आणि तुम्ही, दोघंही खरंच बोलत असता.

एक खास नाशिकचं, दुधाला कांद्याचा वास. लासलगाव-येवला पट्ट्यात जनावरांना कांद्याची पात, कांदाचाळीतला टाकाऊ कांदा खायला घालतात आणि तो वास दुधात उतरतो. जिवाणू नाहीत, दूध नासलेलं नाही, उकळल्यावर कमी होतो. फ्रीजमध्ये अर्धा कापलेला कांदा उघडा ठेवला तरी साय तो वास ओढते.

सायीचंच शेवटचं, कारण यावर सगळ्यात जास्त फोन येतात. आठवडाभर साय डब्यात साठवायची, रविवारी लोणी काढायला घेतलं की वरून पिवळट, वास खवट, चव कडू. साय म्हणजे जिवाणूंना प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही एकाच ताटात, वरून रोज नवा चमचा आत जातो. पहिल्या दिवशीच्या सायीत चमचाभर ताजं दही घाला, पण लगेच फ्रीजमध्ये नका टाकू, दह्याचे जिवाणू थंडीत काम करत नाहीत असं वर म्हटलंच आहे, तीन-चार तास बाहेर राहू द्या, आंबटसर वास आला की आत. मग त्या आम्लात स्युडोमोनासला वाढता येत नाही. रोजची नवी साय घातली की ढवळा, म्हणजे नवीही त्या आंबट सायीत मिसळेल, वर कोरडी पसरून राहणार नाही. पाच-सहा दिवसांत घुसळा. तेवढ्यात जमणार नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये साठवा, घुसळायच्या आदल्या दिवशी खाली काढून विरजण लावा. आणि डबा दर वेळी रिकामा करून, उकळत्या पाण्याने धुऊन, कोरडा करूनच परत सुरू करायचा, तळाशी थोडी जुनी साय "मुरायला" ठेवतात तिथेच घात होतो. आधीच कडू झालेल्या सायीचं तूप करायचं का असं विचाराल तर कडूपणा बराचसा ताकात आणि बेरीत निघून जातो, पण खवटपणा स्निग्धांशातच असतो, तो कढवूनही तुपात राहतो, बेसनाचे लाडू केले तरी लपत नाही.